अन्नपूर्णाबाईंची बोहनी

"मावशी, ह्या वांग्यांतल्या अळीचे पैसे वेगळे लागतात, का ती वांग्यासोबत फुकट भेटते?"

स्वरदानं प्रश्न नुसता विचारला नाही, खणखणीत विचारला. अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असा. पैजच तशी लागली होती. इरा आणि प्रतीक्षा ह्या तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी समोरच्या लसणाच्या ढिगाआड तोंडावर ओढण्या दाबून उभ्या होत्या. बाजारातली सगळ्यांत रागीट दिसणारी बाई निवडायची, हातात वांगं धरून विचारायचं, आणि विचारलेलं आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे, हे इराचे नियम. जिंकली तर दोन कचोऱ्या.

खरं तर आवाजाची अट घालायचं काही कारण नव्हतं. मागच्या वर्षी ही पोरगी हजेरीला 'उपस्थित' म्हणायची ते इतकं हळू, की सर गैरहजेरी मांडून पुढच्या नावावर जायचे. मग यंदा पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला ताप आला, ज्या वहीत सगळं लिहिलं होतं ती स्वरदाच्या हातात कोंबली गेली, आणि पहिल्याच वाक्याला माईकनं जीव सोडला. समोर अख्खी शाळा, पाहुणे आणि पालक. स्वरदानं डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला. शेवटच्या रांगेत पेंगणारे शिपाईकाका दचकून उभे राहिले. तेव्हापासून तिचा आवाज जो बाहेर पडला, तो घरात परत यायचं नाव घेईना. दहावीच्या वर्गानं तिचं नाव 'भोंगा' ठेवलं, आणि गंमत म्हणजे तिला ते आवडायचं.

आता दिवाळीची सुट्टी होती, शनिवार होता, आणि मलकापुरात शनिवारी सकाळी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजारात तिला आईनं टमाटे आणायला पाठवलं होतं. ह्या बाजारात मधे व्यापारी नाही. ज्यानं पेरलं त्यानंच तोडायचं, ऑटोत टाकून आणायचं आणि पोतं अंथरून बसायचं. मेथीवरचं दव अजून वाळलेलं नव्हतं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा वास थंडीत असा पसरला होता, की नाकाला बाजार कुठं आहे हे विचारायला लागू नये. हिरवी, लांबट, भरताची वांगी ठिकठिकाणी चमकत होती. स्वरदाला हे सगळं इतकं आवडत होतं, की टमाटे केव्हाच विसरले गेले होते.

तर प्रश्न विचारून झाला. आता शिव्या येणार आणि आपण पळायचं, अशा बेतानं ती एका पायावर जोर देऊन उभी होती.

शिव्या आल्या नाहीत. आधी भलतंच झालं. शेजारी निळ्या स्वेटरमधल्या एक काकू थैलीचं तोंड उघडून उभ्या होत्या, त्यांची निवडलेली वांगी ताजव्यात चढायच्या बेतात होती. 'अळी' हा शब्द ऐकून त्यांनी वांग्यांकडे पाहिलं, मग थैलीकडे पाहिलं, आणि थैली मिटली.

"राहू द्या बाई," त्या म्हणाल्या. "पुढं पाहून येते."

आणि त्या पुढं गेल्या त्या गेल्याच.

पोत्यावर बसलेल्या बाईनं तोंड उघडलं. कपाळावर मोठं कुंकू, जाड भुवया, बघितल्याबरोबर माणूस दोन पावलं मागं सरावा असा चेहरा. पण त्या तोंडातून जे निघालं तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा एक फुसकारा होता. बाईनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. मग तिनं तोंड मिटलं, आणि तिच्या डोळ्यांत भराभर पाणी आलं.

पळायला उचललेला पाय स्वरदानं खाली ठेवला.

"हे काय करून ठेवलं व पोरी?" शेजारी लिंबं घेऊन बसलेल्या रुक्मिणीबाई तिच्यावर तुटून पडल्या. "सकाळपासून पयलं गिऱ्हाईक आलं होतं अन्नपूर्णीचं! बोहनी होऊन राह्यली होती तिची. तोडली ना तू! अन् तिच्यानं त तुले शिवी बी दिल्या जात नाही, आवाज गेला तिचा. म्हणून मी देतो. कोणाची हायस तू?"

स्वरदाचा चेहरा उतरला. बोहनी म्हणजे दिवसातली पहिली विक्री, आणि ती बिघडली की दिवस बिघडला, हे मलकापुरात शाळेत न घातलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या गिऱ्हाइकाला उधार देत नाहीत, पहिल्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत, आणि दुसऱ्याची बोहनी होत असताना कोणी मधे तोंड घालत नाही. तिनं तर तोंडच नाही, भोंगा घातला होता.

"सॉरी मावशी," ती म्हणाली. "आवाज काऊन गेला पण ह्यांचा?"

"काकडा!" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "धामणगाव बढ्याची हाय ही. तिकडं कार्तिकाचा काकडा सुरू हाय ना देवळात. रोज पहाटे उठते अन् सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गाते. तिले कोणी म्हणलं होतं इतकं गा म्हणून? देव काय बहिरा हाय?"

अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसून रुक्मिणीबाईंकडे असं पाहिलं, की आवाज असता तर त्या पाहण्याचे दोन-तीन तिखट शब्द झाले असते.

मग रुक्मिणीबाईंनी बाकीचंही सांगून टाकलं. आवाज बसल्यापासून अन्नपूर्णाबाईंचा माल वापस जात होता. पलीकडं एक जण बॅटरीवरचा भोंगा लावून बसायचा, त्यात रेकॉर्ड केलेलं 'आओ आओ' दिवसभर वाजायचं, आणि मुक्यानं बसलेल्या बाईकडं कोण बघतो? तिचा पोरगा गोपाल वैतागला होता. आज सकाळी माल उतरवताना तो सांगून गेला होता, की आजचा माल वापस आला तर हा शेवटचा शनिवार. पुढच्या हप्त्यापासून व्यापारी वावरातूनच माल उचलेल, बाजारात येऊन बसायची कटकट नको.

"बरंच आहे की मग," प्रतीक्षा म्हणाली. दोघी मैत्रिणी एव्हाना ढिगाआडून जवळ आल्या होत्या. "आरामच होईल ह्यांना."

त्यावर अन्नपूर्णाबाईंनी तिघींना हातानं खाली बसवलं आणि तोंड स्वरदाच्या कानाशी नेलं. त्यांचा श्वास शेंगदाणे भाजल्यासारखा गरम होता.

"बाकीचे दिवस वावराचे," त्या कुजबुजल्या. "शनिवार माहा."

बस, इतकंच. पण स्वरदानं तेव्हा नीट पाहिलं. बाईंनी घडी मोडलेलं नवं पातळ नेसलं होतं. केसांना तेल, मनगटात हिरव्या बांगड्या. रुक्मिणीबाईंचा आणि त्यांचा चहाचा पेला एकच होता, अर्धा एकीचा, अर्धा दुसरीचा. बाजारात ही बाई नुसती वांगी विकायला येत नव्हती, बाजाराला आली होती, जसं कोणी लग्नाला जावं तसं.

"सरका मावशी," स्वरदा म्हणाली, आणि पोत्यावर मांडी घालून बसली. "तुमच्या वाटचं मी ओरडते."

इरानं कपाळावर हात मारला. "भोंगा, कचोरी राहिली ना बे!"

"तू काट्यावर बस. प्रतीक्षा, तो क्यूआर कोडचा पुठ्ठा धर. आणि हसायचं नाही."

स्वरदानं घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि पंधरा ऑगस्टचा आवाज काढला. "सन्माननीय ग्राहकहो! आपणां सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. आमच्याकडे ताजी वांगी, मेथी व सांबार माफक दरात उपलब्ध असून, आपण त्याचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती!"

बाजारातली ती बाजू जी हसत सुटली! एक जण म्हणाला, "अबे, मंत्री येऊन राह्यले का कोणी?" दुसऱ्यानं टाळी वाजवली. विकत मात्र कोणी काही घेतलं नाही. उलट मघाच्या प्रश्नाची बातमी पुढं सरकली होती. दोन बायका आल्या, एकीनं वांगं उचललं, दुसरीनं तिच्या कोपराला धक्का दिला, "हेच ते अळीवालं," आणि दोघी निघाल्या.

स्वरदाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तोंडातून काय निघतंय हे तिचं तिलाच नंतर कळलं.

"ओ काकू! थांबा! अळी दाखवा अन् किलोभर वांगे फुकट न्या! बोला, आहे का कोणाची हिंमत?"

अन्नपूर्णाबाईंनी तिचा दंड असा धरला, की बांगड्या रुतल्या. त्या जोरजोरानं मान हलवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर साफ लिहिलं होतं, की पोरी, वांगं आहे ते, देवाच्या घरून आलेलं असलं तरी दहांत एखाद्यात अळी निघतेच! पण भोंग्यातून सुटलेला आवाज परत घ्यायची सोय अजून कोणी काढलेली नाही.

"खरं म्हणते का?"

गर्दीतून पांढरी टोपी आणि काठी पुढं आली. उकंडराव. ह्या म्हाताऱ्याची घासाघीस बाजारभर गाजलेली. भाव करता करता शेवटी बाई रडकुंडीला येऊन म्हणायची, न्या बाबा, पण जा. रुक्मिणीबाईंनी त्याला पाहताच लिंबांवर पदर पसरला.

"अळी निघाली त किलोभर फुकट?" उकंडरावानं विचारलं.

"हाव," स्वरदा म्हणाली. आता माघार घेणार कोण? "फुकट!"

"सगळ्यांनी ऐकलं न बाप्पा? मंग माघून म्हणजो नको, की म्हातारा लुबाडते."

आणि उकंडरावानं बैठक मारली. कोहळं कापायचा विळा त्यानं मागून घेतला. वांगी तो अशी निवडू लागला जसा डॉक्टर नाडी बघतो. एक उचललं, देठ दाबला, ठेवलं. दुसरं कानाजवळ नेऊन हलवलं.

"काय म्हणते वो आबा, अळी? हॅलो म्हणते का?" मागून कोणीतरी विचारलं.

"गप बे."

पहिलं वांगं कापलं. पांढरंशुभ्र निघालं. गर्दीनं "ओऽऽ" केलं. दुसरं कापलं, तेही स्वच्छ. आता माणसं जमायला लागली. भोंगेवाल्याचं रेकॉर्ड एकटंच 'आओ आओ' करत राहिलं आणि भोंगेवाला स्वतः इकडं बघायला आला. तिसरं स्वच्छ. एका बाईनं मूल खांद्यावर घेतलं, दिसावं म्हणून. स्वरदानं चेहरा शाळेच्या फोटोसारखा ठेवला होता. प्रत्येक वांग्याला ती गर्दीकडे हात करून ओरडत होती, "बघून घ्या! भरीत करा का भाजी करा, असा गर दाखवा कुठं!"

मग उकंडरावानं सगळ्यांत खालचं एक वांगं काढलं. देठापाशी टाचणीएवढं भोक. त्यानं विळा चालवला, दोन फाकी उघडल्या, आणि मधून एक गुबगुबीत अळी उजेडाला त्रासून वर आली.

बाजार दणाणला. शिट्ट्या, टाळ्या, हशा. उकंडरावानं फाक वर धरून चारी दिशांना दाखवली, जसं कोणी बक्षिसाची ढाल दाखवतं. प्रतीक्षानं डोळ्यांवर क्यूआर कोड धरला.

शब्द दिला होता. स्वरदानं मुकाट्यानं किलोभर वांगी तोलली. इराच्या हाताखालून काटा तिनं स्वतःकडं ओढला, कारण हे निस्तरायचं काम तिचं होतं. अन्नपूर्णाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. एक बोहनी तोडली, वर एक किलो घालवलं. ह्यांचा शनिवार आपणच बुडवला, असं स्वरदाला वाटलं.

उकंडरावानं थैली उघडली. वांगी थैलीवर आली.

"काय वं अन्नपूर्णे," रुक्मिणीबाई एकदम म्हणाल्या, अगदी सहज, लिंबं रचता रचता. "बोहनी झाली होती का तुही?"

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. नाही.

थैली जागच्या जागी थांबली. उकंडरावानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी पयला?"

"पयले."

"मंग कसं जमते आबाजी?" मूल खांद्यावर घेतलेली बाई म्हणाली. "बोहनी फुकट नेता का कोणाची?"

"पण मी जिंकलो ना!"

"जिंकले ना. कोण नाही म्हणून राह्यलं? पण बोहनी हाय."

उकंडरावाची मोठीच पंचाईत झाली. फुकटची बोहनी नेली तर विकणारीचा दिवस जातो आणि नेणाऱ्याच्या घरची बरकत जाते, हे त्यानंच ह्याच बाजारात कित्येकांना काठी आपटून सुनावलं होतं. त्यातले दोघं तर समोरच उभे होते, हाताची घडी घालून. त्यानं सुस्कारा टाकला, बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

"बरं, लाव काय लावतं ते. जरा कमी कर पण..."

"आबाऽऽ!" सगळी गर्दी एका सुरात ओरडली. "बोहनीत घासाघीस?"

आणि त्या दिवशी मलकापूरच्या बाजारानं न भूतो असं दृश्य पाहिलं. सांगितलेला भाव उकंडरावानं, सांगितला तसा, पूर्ण दिला. अन्नपूर्णाबाईंनी नोट काट्याला लावली, टोपल्याला लावली, कपाळाला लावली. त्यांच्या जाड भुवया वर गेल्या आणि तो रागीट चेहरा असा उलगडला, की स्वरदाला कळेना, आपण ह्यांना रागीट म्हटलं तरी कसं.

"अन् माह्या जिंकल्याचं काय?" उकंडराव कुरकुरला.

"जिंकल्याच्या टाळ्या!" स्वरदा गरजली, आणि सगळ्यांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. वरून तिनं सांबाराची एक जुडी त्याच्या थैलीत खोचली. म्हातारा हसला. दात कमी होते, पण होते तेवढे सगळे दिसले.

आता एवढी गर्दी जमलेली, थैल्या हातात, बोहनी साजरी झालेली. एक जण म्हणाला, द्या बाई अर्धा किलो, इतकी कापली त्यात एकच तर निघाली. मग झुंबड उडाली. इराच्या हाताला काटा पुरेना. प्रतीक्षा पुठ्ठा घेऊन "इकडं स्कॅन, इकडं स्कॅन" करत फिरत होती. आणि स्वरदाला आपोआप गवसलं, की सन्माननीय ग्राहकहो म्हणायचं नसतं. समोर जो माणूस आहे त्यालाच बोलवायचं असतं.

"ओ टोपीवाले काका, थैली रिकामी नेली तर काकू घरात घेईन का? ताई, मेथीवरचं दव अजून वाळलं नाही, हात लावून पाहा, हातच ओला होईन! ओ निळ्या स्वेटरवाल्या काकू, तुम्हीच! या वापस, राग नका धरू, मघाची आगाऊ पोरगी मीच होती!"

निळ्या स्वेटरवाल्या काकू आल्या. हसत हसत दोन किलो घेऊन गेल्या.

अन्नपूर्णाबाई मागे बसून जुड्या पुढं करत होत्या. मधेच स्वतःच्या पेल्यातला चहा त्यांनी स्वरदाच्या हातात दिला. आता तो पेला तिघींचा झाला.

टोपल्याचा तळ दिसू लागला तेव्हा मैदानाच्या फाटकातून एक जोडपं आत येत होतं. तहसिलीत कारकून असलेले बाबा आणि कन्या शाळेत शिकवणारी आई. टमाटे आणायला गेलेली मुलगी अजून का आली नाही, म्हणून दोघं बघायला निघाले होते. फाटकातच बाबा थबकले.

"पद्मजा, हा आवाज..."

"असा आवाज आपल्याच घरी आहे," आई म्हणाली.

गर्दीतून वाट काढत दोघं पोत्यापुढं आले. आईनं तोंड उघडलं, "स्वरदा, तुला टमाटे..."

"टमाटे पलीकडच्या लाइनीत, काकू! इथं मेथी, शेवटच्या चार जुड्या, घ्या लवकर!" स्वरदा बोलून गेली आणि मग तिनं वर पाहिलं. "...आई?"

इरा काट्यावर आडवी झाली हसून.

आईच्या चेहऱ्यावर आधी वीज चमकली, मग कुठंतरी ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिनं वाकून मेथीची जुडी उचलली, देठ मोडून पाहिला. "कोवळी आहे," ती म्हणाली. "चारही दे."

एवढ्यात ऑटो लावून गोपाल आला. वापसीचा माल भरायला पोती घेऊनच आला होता. टोपली पाहिली, पालथी करून पाहिली, आणि स्वतःच्या आईकडं पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी पदराची गाठ दाखवली आणि बोटानं स्वरदाकडं खूण केली. रुक्मिणीबाईंनी मग अळीपासून टाळ्यांपर्यंत सगळं सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं.

गोपाल हसला, पण मान खाजवत राहिला. "आजचं झालं माय, लय चांगलं झालं. पुढच्या शनिवारी काय? काकडा त तू सोडत नाहीस. पुनवेपर्यंत तिकडं गाशील अन् इकडं मुकी बसशील. एकच आवाज हाय, दोन जागी कसा पुरवशील?"

अन्नपूर्णाबाई काहीतरी कुजबुजल्या. ते कोणाला ऐकू आलं नाही. त्यांचे हात रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागले. सावकाश, जागा सोडून कायमचं जाणारं माणूस घालतं तशी.

स्वरदानं पोत्याचं दुसरं टोक धरलं. घडी पुरी होऊ दिली नाही.

"आवाज दोन आहेत दादा," ती म्हणाली. "काकड्याला ह्यांचा, बाजाराला माझा."

"स्वरदा," बाबा हळूच म्हणाले, "अगं, आमच्या ऑफिसातले सगळे इथंच भाजी घेतात."

"हो का? मग त्यांची नावं सांगून ठेवा बाबा. नावानं हाक मारली की माणूस थांबतो, आजच कळलं मला."

"आणि दहावी?" आई म्हणाली.

स्वरदा उठून उभी राहिली. कुर्त्याला लागलेली माती झटकली, एकदा अन्नपूर्णाबाईंकडं पाहिलं, आणि मग आई-बाबांकडं वळली. ह्या वेळी तिनं आवाज चढवला नाही. तरी तो आजूबाजूच्या चार पोत्यांना नीट ऐकू गेला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. अभ्यास मी बाकीच्या दिवशी दुप्पट करीन, वाटलं तर रोज घ्या माझी परीक्षा. पण काकडा संपेपर्यंत प्रत्येक शनिवारी सकाळी मी इथं बसणार, अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी. विचारत नाहीये, सांगतेय."